वीज गेली, मजकूर वाचला

लिहिता लिहिता वीज गेली, तरी ‘विम’ या टेक्स्ट एडिटरमधला मजकूर सहसा बुडत नाही. ब्राम मोलेनार यांनी १९९१मध्ये आणलेल्या या एडिटरमध्ये फाइल उघडली की शेजारीच एक स्वॅप फाइल तयार होते; नावाच्या सुरुवातीला टिंब असल्याने ती एरवी दिसत नाही. साधारण २०० अक्षरं टाइप झाली, किंवा बोटं ४ सेकंद थांबली, की नवे बदल तिच्यात उतरतात. मूळ फाइलला मात्र धक्का लागत नाही, आणि मला हेच फार मोलाचं वाटतं: सेव्ह कधी करायचं हे लिहिणाराच ठरवतो. वीज गेल्यानंतर पुन्हा फाइल उघडताना विम स्वॅप फाइल सापडल्याचा इशारा देतो. तेव्हा घाईघाईने स्वॅप फाइल पुसू नका. आधी ‘रिकव्हर’ निवडा, मजकूर तपासा, वेगळ्या नावाने सेव्ह करा. मगच ती काढून टाका.