नातवाची मॅच आणि आजोबांची झोप

दसरा-दिवाळीच्या सुमारास केज तालुक्यातील, किंबहुना सगळ्या बीड जिल्ह्यातील असंख्य घरांची रचना बदलते. कमावती माणसे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पुढील पाच-सहा महिने घर, गुरे व शाळकरी नातवंडे सांभाळण्याची जबाबदारी आजी-आजोबांवर येऊन पडते. नांदूरघाटसारख्या गावात दवाखाना चालवताना या बदलाची चाहूल मला रुग्णांच्या बोलण्यातून लागते. रक्तदाब तपासून झाला की आजोबा उठता उठता विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोरगं रात्री बारा-बारा वाजेपर्यंत मोबाईल घेऊन बसतंय. म्हणतंय, आज सोलची मॅच हाय. ह्याचं काय करावं?"

वाचकहो, या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. ही मॅच म्हणजे काय, हा पहिला आणि आपण काय करावे, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर द्यायला सगळेच पुढे येतात. पहिला मात्र कोणी समजावून सांगत नाही. तो समजून घेतला, तर दुसऱ्याचे अर्धे उत्तर आपोआप मिळते, असा माझा अनुभव आहे.

खेळ कोणता, संघ कोणते

नातवाच्या तोंडी असलेला खेळ बहुधा 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया', म्हणजेच बीजीएमआय हा असतो. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली. त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरवरून हटवण्यात आला आणि मे २०२३ मध्ये परतला. "तो खेळ तर बंद झाला होता ना?" असे आपण म्हणता, ते म्हणूनच अगदी चुकीचे नाही.

याच खेळाचे व्यावसायिक संघ आहेत. त्यांना प्रशिक्षक असतात, सामन्यांचा अभ्यास करणारी माणसे असतात, मानधन असते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत अशा खेळांना पदकेही होती. भारतातील चाहत्यांना सर्वाधिक पेटवणारी चुरस आहे ती 'सोल' आणि 'गॉडलाईक' या दोन संघांमधली. सोल हा संघ मुंबईच्या नमन माथुर या तरुणाने नावारूपाला आणला; खेळात त्याला 'मॉर्टल' म्हणतात. गॉडलाईकच्या मागे चेतन चांदगुडे हे मराठी नाव आहे. चाहते त्याला 'क्रॉन्टेन' म्हणून ओळखतात. जानेवारी २०२२ मध्ये जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत गॉडलाईकने भारताचे प्रतिनिधित्व केले, तर त्याच वर्षी जूनमध्ये देशातील व्यावसायिक मालिकेचे विजेतेपद सोलने पटकावले. एका तालमीचे पठ्ठे दुसऱ्या तालमीच्या पठ्ठ्यांशी जसे वाद घालतात, तसेच या दोन संघांचे चाहते वर्षानुवर्षे भांडत आले आहेत.

मॅचपूर्वी काय ठरते

कुस्तीत समोर एकच प्रतिस्पर्धी असतो. येथे एका सामन्यात १६ संघ असतात, प्रत्येकात चार खेळाडू, म्हणजे एकूण ६४ जण. सगळे एका विमानातून छत्रीने एकाच प्रदेशात उतरतात. एरंगेल नावाचे त्यातील प्रसिद्ध बेट आठ किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद कल्पिलेले आहे. उतरल्यावर घराघरांतून शस्त्रे व औषधे गोळा करायची आणि सतत आक्रसत जाणाऱ्या वर्तुळाच्या आत राहायचे. वर्तुळाबाहेर राहिलेल्याची शक्ती घटत जाते. शेवटी जो संघ उरतो, तो जिंकतो. त्याला दहा गुण मिळतात. शिवाय बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे एक गुण असतो.

आता विचार करा. सोल आणि गॉडलाईक यांनी उतरल्याबरोबर एकमेकांवर झडप घातली, तर काय होईल? गोळीबाराचा आवाज ऐकून जवळचा तिसरा संघ तेथे पोहोचेल आणि जखमी अवस्थेतील दोघांनाही गारद करील. 'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही आपली म्हण येथे शब्दशः खरी ठरते. या मुलांनी त्याला 'थर्ड पार्टी' असे नाव दिले आहे, इतकेच.

म्हणून मॅचपूर्वीची खरी तयारी भांडण कसे करावे याची नसून ते कोठे आणि केव्हा टाळावे, याची असते. प्रतिस्पर्ध्याचे जुने सामने पाहून तो कोणत्या गावाजवळ उतरतो, कोणत्या रस्त्याने गाडी काढतो, वर्तुळाच्या मध्यभागी आधी जाऊन बसतो की कडेकडेने सरकतो, हे टिपून ठेवले जाते. आपली उतरण्याची जागा त्यानुसार ठरते. ती जागा प्रतिस्पर्ध्यालाही हवी असेल तर प्रश्न कठीण होतो. हट्ट धरावा, तर दोघेही पहिल्या पाच मिनिटांत बाद होण्याची भीती. सोडावी, तर पुढच्या प्रत्येक सामन्यात मागे हटावे लागेल, ही भीती. हा निर्णय घेणारा एक म्होरक्या प्रत्येक संघात असतो. तो एकाच वेळी वस्तादही असतो आणि पहिलवानही. बाकीच्या तिघांनी त्या क्षणी वाद न घालता त्याचे ऐकायचे असते.

अंतिम फेरीत एका दिवसात असे पाच-सहा सामने होतात आणि प्रत्येक सामना साधारण अर्धा तास चालतो. एका सामन्यातील पराभवाचा राग पुढच्या सामन्यात नेणारा संघ दिवसअखेर खाली घसरतो. राग आवरणे हे येथे मोजता येण्याजोगे कौशल्य आहे. नातू तीन तास डोळे लावून जे पाहत असतो, त्यात हेही असते.

शरीरात काय घडते

प्रत्यक्ष खेळणाऱ्याचे आणि तन्मयतेने पाहणाऱ्याचे शरीर यांत एका बाबतीत फारसा फरक नसतो. ताण आला की ॲड्रिनलिन स्रवते, नाडी जलद होते, तळहातांना घाम येतो. शेतात धावणाऱ्याच्या शरीरात ही ऊर्जा खर्च होते. बाजेवर बसलेल्याची तशीच राहते. त्यामुळे मॅच संपल्यावर मोबाईल बाजूला ठेवला तरी झोप लगेच येत नाही. तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. रात्री साडेबाराला पडलेला आणि सकाळी सहाला उठवलेला मुलगा वर्गात पेंगणारच.

डोळ्यांची उघडझाप एरवी मिनिटाला सुमारे पंधरा वेळा होते. पडद्याकडे टक लावल्यावर ती निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ कळ येणे ही तेथील स्नायुबंधाला आलेली सूज असू शकते. हेडफोनचा मोठा आवाज कानाचे नुकसान करतो आणि ते भरून येत नाही.

परंतु वाचकहो, या सगळ्यात आपल्या शरीराचे काय होते, हे कोणी विचारत नाही. नातू जागा म्हणून आजोबा जागे. रात्री अकराला वादावादी, मग धडधड. त्याच वेळी यंत्र लावून पाहिलेला रक्तदाब वाढलेलाच दिसणार; त्यावरून गोळी वाढवू नये. पाच मिनिटे शांत बसून, सकाळी मोजलेला आकडा खरा.

याहून गंभीर गोष्ट जेवणाची आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन "पोरगं जेवायचं राहिलंय" म्हणून ताट झाकून वाट पाहत बसणाऱ्या आजी मला दरवर्षी भेटतात. असे कधीही करू नका. रक्तातील साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली, तर माणूस शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. बरे वाटताच जेवून घ्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ दवाखाना गाठावा. आपले जेवण आपल्या औषधाच्या वेळेवर. मॅचच्या वेळेवर नव्हे.

घरातील डावपेच

आजोबा आणि नातू यांच्या भांडणातही एक तिसरा लाभार्थी असतो. तो म्हणजे दोघांची बिघडलेली तब्येत. तेव्हा संघांनी शिकवलेला नियम आपणही वापरावा: वाद मॅचच्या मध्ये घालू नये, बोलणी मॅचपूर्वी करावी.

सायंकाळी चारला विचारावे, "आज किती सामने आहेत? शेवटचा किती वाजता?" सहा सामने असतील तर कोणते दोन पाहायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे. मधूनच मोबाईल हिसकावला तर त्याचे तीन सोबती अडचणीत येतात आणि राग आपल्यावर निघतो; त्याऐवजी 'हा सामना संपला की बंद' हे आधी ठरलेले असावे. हा खेळ परतला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. खात्यावर मोठ्या माणसाचे वय टाकलेले असेल तर मात्र ती लागू होत नाही, हे एकदा पाहून घ्यावे.

शेवटच्या सामन्यानंतर अर्धा तास मोबाईल आजीच्या उशाशी राहावा. दर वीस मिनिटांनी लांबच्या झाडाकडे वीस सेकंद पाहण्याची सवय त्याला लावावी. आणि बँकेचा किंवा यूपीआयचा पिन नातवाला सांगू नये. ऊसतोडीची उचल ज्या खात्यात असते, त्यातून खेळातील पोशाखांसाठी पैसे गेल्याचे कारखान्यावरच्या आईबापांना उशिरा कळते. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली आहे, ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली आहे. नातू कोणत्या प्रकारात आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

डॉक्टरांकडे केव्हा यावे

खेळाची आवड म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे. पण खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व देणे आणि नुकसान दिसूनही खेळत राहणे, हे साधारणपणे बारा महिने चालू असेल तरच ते निदान होते. शाळा सुटली, जेवण सुटले, मित्र सुटले, खेळ थांबवल्यावर मुलगा स्वतःला किंवा इतरांना इजा करू लागला, तर मात्र बारा महिने थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

एवढ्या टोकाला जाणारी मुले थोडीच असतात. बहुतेकांना हवे असते ते फक्त ऐकणारे कोणीतरी, कारण आई-वडील चार जिल्हे ओलांडून उसाच्या फडात असतात. तेव्हा आज सायंकाळी एक सामना नातवाशेजारी बसून पाहा. सोल कोठे उतरणार आणि गॉडलाईक तेथे का जाणार नाही, हे त्याला समजावून सांगू द्या. त्याचे सांगून झाले की मग आपली अट सांगा. आधी ऐकून घेणाऱ्याची अट मुले सहसा मोडत नाहीत.