कमी गुणांची पदवी आणि पुढील प्रवेश

अमेरिकेंतील विद्यापीठांत पदवीच्या गुणांची सरासरी चारपैकीं धरितात. 'ए' या श्रेणीला ४, 'बी'ला ३, 'सी'ला २ असे अंक देऊन प्रत्येक विषयाच्या क्रेडिटांच्या प्रमाणांत जी सरासरी निघते, तीच विद्यार्थ्याच्या नांवापुढें कायमची लागते. पदव्युत्तर प्रवेशासाठीं कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या अनेक संस्था किमान ३.० ची अपेक्षा ठेवितात. ज्याच्या हातीं २.७ किंवा २.८ आहे, त्याला हें दार बंदच वाटतें. तें तितकें बंद नसतें. परंतु कोणत्या बाजूनें उघडतें हें पुष्कळांस उशिरा कळतें, आणि तोंवर अर्जाची मुदत टळलेली असते.

प्रथम सरासरीचा स्वभाव ध्यानांत घ्यावयास हवा. समजा, अभ्यासक्रम १२० क्रेडिटांचा, दरवर्षीं तीस याप्रमाणें आहे. घर सोडून प्रथमच बाहेर पडलेल्या एका मुलानें पहिलीं दोन वर्षें कशींबशीं काढलीं. सरासरी पडली २.४. तिसऱ्या वर्षीं तो सांवरला व ३.० वर आला. चौथ्या वर्षीं त्यानें प्रत्येक विषयांत 'ए' मिळविला. याहून अधिक मनुष्यानें करावें तरी काय? तथापि त्याची एकूण सरासरी भरते २.९५! मागचें ओझें इतकें जड असतें कीं शेवटच्या वर्षाचें निर्दोष यशहि तें पुरतें उचलूं शकत नाहीं.

सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नियमांत या अडचणीची जाणीव दिसते. तेथें किमान ३.० ही अट आहेच, पण ती शेवटच्या ६० सेमिस्टर क्रेडिटांपुरती, म्हणजे साधारणपणें अखेरच्या दोन वर्षांपुरती, पाहिली जाते. वरील मुलाची ही सरासरी येते ३.५. मुलगा तोच, गुणपत्रक तेंच. एका हिशेबानें तो उंबऱ्याबाहेर, दुसऱ्यानें आंत. म्हणून कोणतें विद्यापीठ कोणता हिशेब धरतें हें अर्जाची फी भरण्यापूर्वींच पाहावें.

किमान गुणांची अट बहुधा विद्यापीठाची असते. निवड मात्र त्या त्या विभागांतील प्राध्यापकांची समिति करिते. समितीला विद्यार्थी खरोखर हवा असेल तर कित्येक ठिकाणीं ती अपवादाची शिफारस करूं शकते. तो हवासा वाटावा कशामुळें? रसायनशास्त्राच्या उमेदवाराला इतिहासांत 'सी' असला तर फारसें बिघडत नाहीं. भौतिक रसायनांत असला तर प्रश्न उभा राहतो. अशा वेळीं त्याच विषयाचा वरचा अभ्यासक्रम बाहेरून फी भरून घेणें व त्यांत 'ए' मिळविणें हें खर्चाचें, पण सर्वांत बोलकें उत्तर होय. शिफारसपत्रांचेंहि तसेंच. वर्षभर प्रयोगशाळेंत ज्यांनीं त्याचें काम पाहिलें त्या तरुण प्राध्यापकांचें पत्र, केवळ नांवानें ओळखणाऱ्या विभागप्रमुखांच्या पत्राहून किती तरी मोलाचें. आजार, नोकरी, घरची आपत्ति असें खरें कारण असेल तर तें दोन-तीन वाक्यांत सांगावें. पानभर गाऱ्हाणें लिहिल्यानें समितीचें लक्ष नको तेथेंच खिळतें. जी. आर. ई. परीक्षेची सक्ति २०२० नंतर अनेक विभागांनीं काढून टाकिली आहे. जेथें ती आहे तेथें चांगले गुण उपयोगी पडतात, पण चार वर्षांचें गुणपत्रक त्यानें पुसलें जात नाहीं.

अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील शाखेनें आपल्या कांहीं ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमांत जुनें गुणपत्रक मागणेंच सोडलें. ठराविक प्रारंभिक अभ्यासक्रम चांगल्या श्रेणीनें पुरे केले कीं प्रवेश मिळतो. परीक्षा आधीं, प्रवेश मागाहून, असा हा उलटा क्रम आहे.

महाराष्ट्रांतून जाणाऱ्यांची एक अडचण निराळीच असते. टक्क्यांना पंचवीसनें भागून '६० टक्के म्हणजे २.४' असा हिशेब ते घरींच मांडितात आणि निराश होतात. येथें ६० टक्क्यांना पहिला वर्ग मानीत आले आहेत, तर तेथें २.४ म्हणजे 'बी'च्याहि खालीं. तेव्हां हा भागाकार मुळांतच चुकीचा. अनेक विद्यापीठें तर गुणांचें रूपांतर न करितां मूळ गुणच, मूळ परिमाणासह, अर्जांत भरावयास सांगतात.