ढगांतून उतरताना

पावसाळ्यात जालन्याच्या आभाळातून चिकलठाण्याकडे जाणाऱ्या विमानाचा आवाज येतो, विमान दिसत नाही. वैमानिकालाही त्या वेळी जमीन दिसत नसते. मग तो खाली येतो तो कशाच्या भरवशावर? प्रश्न विज्ञानाचा असला तरी इतिहासाच्या शिक्षकाला त्याचे उत्तर घटनेतूनच सापडते.

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. बँकॉकहून मुंबईस येणारे अलिटालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नर भागातील डोंगरावर आदळले. ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. वैमानिकाला मात्र आपण तिच्या बरेच जवळ आलो आहोत असे वाटत होते. मुंबईची धावपट्टी समुद्रसपाटीलगत, पण पूर्वेकडून येणाऱ्याच्या वाटेत सह्याद्री उभा. विमान खाली आले ते वेळेआधी.

यंत्रांच्या आधारे उतरण्याचा मार्ग नकाशावर टप्प्याटप्प्यांनी आखलेला असतो. प्रत्येक टप्प्याची किमान उंची खालचे डोंगर व मनोरे यांचा विचार करून ठरवलेली असते. नियंत्रण कक्षाने अप्रोचची परवानगी दिली, तरी विमान त्या आखलेल्या मार्गावर येईपर्यंत नेमून दिलेली शेवटची उंची सोडावयाची नसते. पुढेही ठरलेला बिंदू ओलांडल्यावाचून खालच्या टप्प्याची उंची धरता येत नाही. अखेरच्या ठरावीक उंचीवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर विमान पुन्हा वर न्यावे लागते. प्रवासी अशा वेळी कुरकुरतात. ती कुरकुर अनाठायी होय.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे विमान डोंगरावर आदळून ९२ जण दगावले. तेथे चूक स्थानाची नव्हती, शब्दाच्या अर्थाची होती. परवानगी मिळाली म्हणजे लगेच खाली येण्यास हरकत नाही, असे वैमानिकांनी मानले. नियंत्रकाच्या मते उंची सांभाळणे हे वैमानिकांचे काम होते. त्यानंतर अमेरिकेत नियमाची भाषा स्पष्ट करण्यात आली. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्रही मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचे झाले. एका शब्दाचे दोन अर्थ निघाल्याने काय घडते, याचे याहून कठोर उदाहरण मला माझ्या विषयात क्वचितच आढळले.

चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट उंच आहे. उंचीमापकावर ३००० फुटांचा आकडा मुंबईच्या समुद्रावर निर्धास्त वाटेल. येथे त्याच आकड्याला जमीन केवळ अकराशे फुटांवर असते.