वरकस जमिनीवर रानजीवांसाठी पेरा

वेल्ह्यात मित्राच्या डोंगरउतारावरच्या हुलग्यात परवा भेकराच्या खुरांचे ताजे ठसे दिसले. शेंडेही खुडलेले होते. "पडीक मुरमाड रानात हे कसं जमतं?" असं अनेक जण विचारतात, म्हणून ही पोस्ट.

भोर-वेल्ह्यात धो धो पाऊस पडतो, पण उतारावरची माती वाहून जाते. म्हणून आधी माती झाकायची, चारा-दाणा नंतर.

१) जूनमध्ये उताराला आडवा ताग पेरा. फुलं येताच, बी धरण्याआधी, कापून तिथेच पसरा. नांगरट नको, माती सुटते.

२) पाऊस ओसरू लागला की हुलगा टाका. एकरी ८-१० किलो बी पुरतं. रोप हळूच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर नत्र बांधण्याचं काम सुरू आहे असं समजा.

३) पुढच्या पावसाळ्यात नाचणी, वरई, कारळ्याचे पट्टे घ्या. थोडी कणसं उभीच ठेवा: मुनिया, लावे, मोर येतात. कारळ्याच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या येतात.

आपल्या मावळातले शेतकरी वरकसावर नाचणी, वरई, कारळे अशी फेरपालट करून जमीन पड ठेवत आलेत. यात नवं फारसं काही नाही.

दोन गोष्टी सांभाळा. शेजाऱ्याच्या भातखाचराला लागून पेरा करू नका, रानडुकरं तिकडेही वळतील. आणि हे फक्त मालकीच्या जमिनीवर, वनजमिनीत परवानगीशिवाय काहीही पेरू नका.

तुमची जमीन कशी आहे, उतार किती, ते कमेंटमध्ये लिहा. जमेल तसं उत्तर देतो.