जुळ्यांना शी-शूची सवय कशी लावावी?

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल, काहींना थोडा संकोचही वाटेल. शी-शू हा काय रेडिओवर बोलण्याचा विषय आहे, असंही कुणी म्हणेल. पण ज्या घरात दीड-दोन वर्षांची जुळी मुलं आहेत, त्या घरच्या आईला विचारा. एकाची चड्डी धुऊन वाळत घालावी, तोवर दुसऱ्यानं चटई ओली केलेली असते. भरून ठेवलेलं निम्मं पाणी धुण्यातच जातं. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत. आणि घरातल्या मोठ्या माणसांचा प्रश्न ठरलेला असतो, "एवढा घोडा झाला, अजून याला कळत कसं नाही?"

या प्रश्नाच्या मागोमाग पुष्कळदा धपाटा येतो. जुळ्यांच्या घरात त्याहूनही एक वाईट गोष्ट घडते. दोघांपैकी एकाला आधी कळू लागतं आणि दुसरा मागे राहतो. मग पहिला 'शहाणा' आणि दुसरा 'घाणेरडा' ठरतो. ही नावं एकदा चिकटली की चड्डी कोरडी राहू लागल्यावरही सुटत नाहीत. म्हणून मुलाला कळतं म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी समजून घेऊ.

तान्ह्या मुलाचं मूत्राशय भरलं की ते आपोआप रिकामं होतं. दिवसातून वीसेक वेळा सहज शू होते. त्यात मुलाची इच्छा-अनिच्छा कसलीच नसते. मोठं माणूस मात्र 'आत्ता नको, थोड्या वेळानं' असं ठरवू शकतं. हे ठरवणं मेंदूचं काम आहे. मूत्राशय भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला हवी, आणि मेंदूचा 'थांब' हा हुकूम खालच्या स्नायूंपर्यंत परत यायला हवा. ही जा-ये करणारे मज्जातंतू हळूहळू तयार होतात. साधारण दीड वर्षानंतर ती वाट चालू लागते आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांत ती पक्की होते. ज्या मुलाची वाटच तयार झालेली नाही, त्याला मारून काय उपयोग? ज्या विहिरीला अजून पाणी लागलेलं नाही, तिच्यावर मोट लावण्यासारखंच ते.

इथं कुणी आजीबाई म्हणतील, "अहो, आम्ही तर तीन-चार महिन्यांच्या पोराला पायांवर धरायचो, 'शू...' असा आवाज केला की ते लगेच करायचं!" त्यांचं म्हणणं खरं आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग शिक्षकांना ठाऊक असतील. जेवणाची खूण वारंवार मिळाली की नुसत्या खुणेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटे. आजीचा 'शू' हा आवाज तशीच खूण आहे. पण त्यात वेळ ओळखते ती आजी, मूल नव्हे. पायांवर धरण्याची ही आपली जुनी पद्धत चांगली आहे, त्यामुळे मूल कोरडं राहतं आणि कपडे वाचतात. मात्र तीन महिन्यांचं पोर खुणेनं शू करतं, म्हणून ते आता 'शिकलं' असं समजू नये. पुढं वर्ष-सव्वा वर्षाचं झाल्यावर तेच मूल पायांवर बसायला नकार देतं, तेव्हा 'शिकलेलं विसरलं' म्हणून रागावण्याचंही कारण नाही.

या बाबतीत एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे, आणि तो नेमका जुळ्यांवरच झालेला आहे. मर्टल मॅकग्रॉ नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी तो १९४० साली प्रसिद्ध केला. त्यांनी अगदी एकसारखी दिसणारी जुळी मुलं घेतली. जोडीतल्या एकाला तान्हेपणापासूनच दिवसा ठरावीक वेळानं भांड्यावर बसवण्याचा क्रम ठेवला. दुसऱ्याला बराच काळ मोकळं सोडलं आणि पुष्कळ उशिरा भांडं दाखवलं. शेवटी काय झालं? ज्याच्यावर इतके महिने मेहनत घेतली तो काही पुढं गेला नाही. उशिरा सुरुवात केलेल्या भावानं थोड्याच काळात त्याला गाठलं. वेळेआधी घेतलेले कष्ट बहुतेक वाया गेले.

पुढं ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञानं १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलाची तयारी पाहून, घाई न करता त्या मुलांना सवय लावलेली होती. त्यांची दिवसाची सवय सरासरी अडीच वर्षांच्या जरा आधीच पुरी झाली. ही सरासरी आहे हे विसरू नका. कुणी दोन वर्षांचं असताना शिकतं, कुणी तीन वर्षांचं झाल्यावर, आणि दोघंही निरोगी असतात.

आता मुलाची तयारी झाली हे ओळखायचं कसं? त्याच्या काही खुणा आहेत. दीड-दोन तास चड्डी कोरडी राहते. मूल नीट चालतं, स्वतः उकिडवं बसतं आणि उठतं. 'भांडं आण', 'चप्पल ठेव' अशी साधी सांगितलेली गोष्ट करतं. शी लागली की कोपऱ्यात जातं, दाराआड उभं राहतं किंवा खेळता खेळता गप्प होतं. ओलं झालं की त्याला आवडत नाही. यातल्या बऱ्याच खुणा दिसू लागल्या की सुरुवात करावी, एखाददुसरीच दिसली तर महिनाभर थांबावं.

जुळ्यांच्या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, जुळी पुष्कळदा नऊ महिने पुरे होण्याआधीच जन्मतात. दीड महिना आधी जन्मलेल्या मुलाचं वय मोजताना तो दीड महिना मनातल्या मनात वजा करावा. शेजारणीच्या मुलाशी तुलना तर करूच नये. दुसरी, जुळी मुलं बोलायला बऱ्याचदा जरा उशिरा लागतात, आणि एकमेकांशी बोलायला त्यांचे आपले खास शब्द असतात. म्हणून शी-शूसाठी घरात सगळ्यांनी एकच शब्द ठरवावा. आई 'शी' म्हणते, आजी 'परसाकडं' म्हणते आणि काका आणखी तिसरंच काही, असं झालं तर मूल गोंधळतं. बोलता येत नसेल तर हाताची एखादी खूणही चालेल. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पोटात एकत्र वाढली तरी ती दोन माणसं आहेत. एकाची तयारी आधी झाली तर त्याच्यापासून सुरुवात करावी, दुसऱ्यासाठी त्याला अडवून ठेवू नये. जुळी बहीण-भाऊ असतील तर बहीण बहुधा थोडी आधी शिकते. दुसऱ्याला मुद्दाम शिकवण्याची घाई नको. तो शेजारी बसून सगळं पाहत असतो, आणि मुलांना पाहून शिकण्यासारखी दुसरी शाळा नाही.

प्रत्यक्ष सवय लावताना भांडी दोन घ्यावीत. एकाच भांड्यावर दोघांची भांडणं होतात, आणि एकाला लागली की बहुधा दुसऱ्यालाही आत्ताच बसायचं असतं. भांडी महाग नकोत, पण वेगळ्या रंगांची असावीत, म्हणजे 'हे माझं' असं प्रत्येकाला वाटतं. पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. पाय लोंबकळत राहिले तर जोर लागत नाही. मोठ्यांच्या शौचकूपाची पुष्कळ मुलांना भीती वाटते. भोक मोठं, आत अंधार, पाणी ओतल्याचा आवाज! आपणही आत पडू असं त्यांना वाटतं. ती भीती त्यांच्या दृष्टीनं खरी आहे. तिला हसू नये. काही महिने भांडंच वापरू द्यावं.

सुरुवात शक्यतो पावसाळा आणि कडाक्याची थंडी टाळून करावी. कपडे वाळतात, आणि मुलं अंगणात नुसत्या झबल्यावर हिंडू शकतात. आपल्याला काय झालं हे मुलाला तेव्हा डोळ्यांनी दिसतं. हल्ली खेड्यातल्या दुकानांतही डायपर मिळतात. प्रवासाला ते सोयीचे आहेत, पण दिवसभर तेच बांधून ठेवले तर ओलं झाल्याचं मुलाला जाणवतच नाही.

जेवल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, हा शरीराचा धर्म आहे. म्हणून सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण झाल्यावर दहा-वीस मिनिटांनी दोघांना बसवावं. पाच मिनिटं पुरे. झालं तर शाबासकी द्यावी, नाही झालं तर काही न बोलता उठवावं. तासभर दाबून बसवणं ही शिक्षाच झाली. जमलं तर दुसरं मोठं माणूस हाताशी घ्यावं, आजीनं एकाकडे पाहावं, आईनं दुसऱ्याकडे. शाबासकी देताना 'बघ, तो किती शहाणा, आणि तू!' हे वाक्य घरातून हद्दपार करावं. ज्यानं केलं त्याला म्हणावं, "छान केलंस." दुसऱ्याचं नावच काढू नये.

चड्डीत झालं तर 'असू दे, पुढच्या वेळी सांग' एवढंच म्हणून कपडे बदलावेत. मारल्यानं मूल शी दाबून ठेवायला शिकतं. दाबलेली शी खडा होते, मग ती करताना दुखतं. दुखतं म्हणून ते आणखी दाबतं. अशा फेऱ्यात सापडलेली मुलं पुढं शाळेच्या वयातही त्रास काढतात. खडा होत असेल तर पाणी, वरणभात, पालेभाजी, पपई द्यावी आणि काही दिवस भांड्याचा आग्रह सोडावा. शूच्या वेळी मूल रडत असेल, ताप असेल किंवा शीवाटे रक्त दिसलं, तर आरोग्य केंद्रात दाखवावं.

रात्रीचं गणित निराळं आहे. दिवसाची सवय झाली तरी रात्री कोरडं राहायला आणखी कितीतरी महिने लागतात. पाच वर्षांच्या शंभर मुलांत पंधराच्या आसपास मुलं अंथरूण ओलं करतात. आईबापांपैकी कुणाला लहानपणी ती खोड असेल तर मुलातही ती दिसते. गोधडीखाली मेणकापड घालावं आणि निश्चिंत झोपावं. पहिली-दुसरीतल्या अशा मुलाची गोष्ट वर्गात उघडी पडणार नाही, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी.

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा मुलांची स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग धरला होता. आजच्या अंगणवाडीतही तेच धोरण हवं. तीन वर्षांचं मूल पहिल्या दिवशी घाबरून चड्डीत करील, हे गृहीत धरून एक जादा चड्डी ठेवावी. जुळी असतील तर दोघांना वेगवेगळं विचारावं. एक बोलतो आणि दुसरा त्याच्या आडोशाला गप्प राहतो, असं पुष्कळदा होतं.

शेवटी आरोग्याचा मुद्दा. 'लहान मुलाची शी, तिला कसली घाण!' असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. हगवणीचे जंतू आणि जंतांची अंडी लहान मुलांच्या शीतही असतात. जुळ्यांच्या घरात तर एकाला जुलाब लागले की दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. म्हणून शी उकिरड्यावर, गटारात किंवा परसात न टाकता संडासातच टाकावी. भांडी धुऊन उन्हात ठेवावीत. धुणाऱ्यानं आपले हात आणि मुलांचेही हात साबणानं धुवावेत. भांड्यावरून उठलं की हात धुवायचे, हे दोघांना पहिल्या दिवसापासून शिकवावं. त्या वयात लागलेली ही सवय त्यांच्या जन्मभर उपयोगी पडेल.