बससमोर उभं कोण राहणार?

गेल्या रविवारी दुपारी आमच्या घरी हाँगकाँगचा एक जुना चित्रपट लागला होता. ‘ली रॉक’, साल १९९१. नायक अँडी लाऊ. भाषा कँटोनीज, त्यामुळे आम्ही सगळे खालच्या इंग्रजी ओळी वाचत होतो. पोलिसात भरती झालेला एक साधा पोरगा हळूहळू हप्त्यांच्या साखळीत शिरतो आणि तिचा म्होरक्या होतो, अशी ही कथा. ती लुई लोक या खऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर बेतलेली आहे. लोक त्याला ‘पन्नास कोटींचा साहेब’ म्हणत!

चित्रपट संपला तरी तो डोक्यातून जाईना. म्हणून त्या काळाविषयी जे मिळालं ते वाचून काढलं. साठच्या दशकातल्या हाँगकाँगमध्ये लाचेला ‘चहाचे पैसे’ म्हणत. आपलं चहापाणीच की हे! रुग्णवाहिकेचे कर्मचारी रुग्णाला उचलण्याआधी ते मागत. इस्पितळातल्या आयाबाया भांडं द्यायला, पाण्याचा पेला द्यायला हात पुढे करत. पोलिसांत तर एक दाखलाच फिरत असे : भ्रष्टाचार म्हणजे बस. हवं तर आत चढा, नाहीतर बाजूने धावत राहा, पण बससमोर उभे राहू नका.

ही बस अडली ती एका गोऱ्या साहेबामुळे. मुख्य अधीक्षक पीटर गॉडबर याच्याकडे ४३ लाख हाँगकाँग डॉलरहून अधिक माया निघाली. पगारात ती बसेना. हिशेब द्या, अशी नोटीस निघाली, तर हा गृहस्थ जून १९७३ मध्ये पोलिसांचा पास दाखवून विमानतळावरून सटकला आणि इंग्लंडला पोहोचला. लोक चिडून रस्त्यावर आले. गव्हर्नर मॅक्लेहोज यांनी फेब्रुवारी १९७४ मध्ये भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग नेमला. तो पोलिसांच्या हाताखाली नव्हता, थेट गव्हर्नरला जबाबदार होता. पकडणं, कार्यालयांतल्या पळवाटा बुजवणं आणि लोकांना शिकवणं अशी तीन कामं त्याच्याकडे दिली. जानेवारी १९७५ मध्ये गॉडबरला परत आणलं आणि त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी या प्रकरणावरचा पहिला चित्रपटही तिथे आला.

पण खरी कसोटी पुढेच होती. ऑक्टोबर १९७७ मध्ये संतापलेले पोलीस मोर्चा घेऊन निघाले. त्यांच्यातले काही आयोगाच्या कचेरीत घुसले आणि त्यांनी मारहाण केली. अखेर गव्हर्नरना मागे सरावं लागलं. १ जानेवारी १९७७ पूर्वीच्या बहुतेक गुन्ह्यांवर पडदा टाकण्यात आला. लुई लोक त्याआधीच देश सोडून गेला होता. त्याच्यावर कधी खटला चालला नाही, आणि २०१० साली तो कॅनडात वारला. म्हणजे न्याय अर्धाच झाला म्हणायचा. तरी पुढच्या पिढीचं हाँगकाँग चहाच्या पैशांशिवाय जगायला शिकलं, हे नाकारता येत नाही.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगत होतो. बोलता बोलता आवाज जरा चढला असावा. मुलीने मध्येच विचारलं, “बाबा, तुम्ही कधी दिलेत?”

घास हातातच राहिला. आईला इस्पितळात नेलं होतं ती रात्र आठवली. स्ट्रेचर भिंतीशी उभं होतं, आई बाकावर कण्हत होती, आणि ढकलणारा माणूस माझ्याकडे नुसता बघत होता. मी दोन नोटा त्याच्या खिशात सरकवल्या. स्ट्रेचर लगेच हललं. रांगेत आमच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. ते तिथेच राहिले.

“दिले,” मी म्हणालो.

“मग त्या आजोबांचं काय झालं?”

ते मी कधी विचारलंच नव्हतं. बाजूने धावणाऱ्यांना थांबून बघायला सवड कुठे असते! ली रॉकला नावं ठेवणं सोपं आहे. पण पुन्हा ती रात्र आली, तर मी त्या आजोबांच्या मागे रांगेत उभा राहीन का? आई बाकावर कण्हत असताना? मुलीला अजून मी उत्तर दिलेलं नाही.