हवेच्या गादीखाली काय घालावं?

पक्षाघाताने किंवा खुब्याचं हाड मोडल्याने घरातलं वडीलधारं माणूस अंथरुणाला खिळलं, की दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर ‘एअर बेड’ आणायला सांगतात. मुलगा मेडिकलमधून तो आणतो, असेल त्या पलंगावर पसरतो, पंप सुरू करतो आणि सगळ्यांना वाटतं, अब्बांच्या पाठीची काळजी मिटली. ही गादी टाकायची कशावर, हे सहसा कोणी विचारत नाही. आमच्या मते अर्धं काम त्या खालच्या आधाराचंच असतं.

एका जागी पडून राहिल्याने माकडहाड, खुबे, टाचा इथली कातडी हाड आणि अंथरूण यांच्यात दाबली जाते. तिथे रक्त पोहोचत नाही आणि जखम होते. हवेच्या गादीतले फुगे आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे दाब एकाच जागी राहत नाही. पण नेहमीची फुग्यांची गादी भरल्यावरही दोन-अडीच इंचच उंच असते. ती पलंगावरची गादी काढून तिच्या जागी टाकायची नसते, गादीच्या वर टाकायची असते.

नायलॉनच्या पट्ट्यांची खाट किंवा सुंभाचं बाजलं मधोमध खोल जातं. माणसाचा भार सगळा कमरेत उतरतो, आणि जखमेचा धोका तिथेच सर्वांत जास्त. वर कितीही महाग एअर बेड टाकला तरी हा झोळ जात नाही. दुसरीकडे, नुसत्या प्लायवर किंवा पत्र्यावर ती टाकली तर हवा कमी होताच हाड थेट फळीवर टेकतं. म्हणून खाली सपाट, न वाकणारा पलंग, त्यावर चार इंचांची घट्ट फोमची गादी आणि तिच्यावर एअर बेड, ही रचना चांगली. घरात कापसाची गादी असेल तर ती टाकून देण्याचं कारण नाही, पण गाठी झालेली नको. पिंजाऱ्याकडून पिंजून, सारखी भरून घ्यावी. पलंगाला खिळ्याचं टोक किंवा पत्र्याची धार वर आलेली नाही ना, हे हात फिरवून पाहावं. एक बारीक भोक पडलं की पंप रात्रभर घरघरत राहतो आणि गादी भरत नाही.

जमिनीवर अंथरण्याचा मोह आवरावा. ओल, मुंग्या, उंदीर हे तर आहेच, पण दिवसातून दहा वेळा वाकून कूस बदलणाऱ्या सुनेच्या किंवा मुलीच्या कमरेचाही विचार व्हायला हवा. खिदमत करणारीच आजारी पडली तर पुढे कोण?

मेणकापड खालच्या गादीवर, एअर बेडच्या खाली घालावं. एअर बेडवर फक्त एक पातळ सुती चादर, तीही ताणून न बसवलेली. प्लास्टिक गरम होतं, टोचतं म्हणून आपल्याकडे वर जाड गोधडी घालतात. माया कळते, पण मग फुग्यांचा उपयोग काय उरला?

आधार जमला की नाही ते हातानेच कळतं. रुग्ण झोपलेला असताना एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये, कमरेखाली, तळवा वर करून हात सरकवावा. हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे किंवा खालचा पलंग वाकतो आहे. पंपाचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे फिरवून पुन्हा पाहावं.

पलंगाची जागा ठरवताना किब्ल्याची दिशाही आधीच पाहून घ्यावी. झोपून नमाज पढणाऱ्याला रोज फिरवण्यापेक्षा पलंग एकदाच फिरवलेला बरा. पंप पायथ्याच्या बाजूला टांगावा आणि नळी पलंग व भिंत यांच्यात दबू देऊ नये.

एअर बेड आला तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं सुटत नाही. कातडी लाल दिसली आणि दाब काढल्यावरही लाली गेली नाही, तर डॉक्टरांना दाखवावं.

आणि वीज. पंप बंद पडला की साध्या फुग्यांच्या गादीतली हवा हळूहळू उतरते. पंपाला वीज अगदी थोडी लागते, छोट्या इन्व्हर्टरवर तो चालतो. इन्व्हर्टर नसेल, तर लाइट येईपर्यंत दादी त्या खालच्या गादीवरच झोपलेली असते.